डाव, दैव आणि रीत

मी शाळेत गणित शिकवितो. आमच्या विषयात एक जुनी प्रथा आहे. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले पण रीत बरोबर असली, तर त्याला रीतीचे गुण द्यावयाचे. आणि उत्तर बरोबर असूनही रीत दाखविलेली नसली, तर पूर्ण गुण द्यावयाचे नाहीत. "उत्तर आले ना बरोबर, मग गुण का कापले?" अशी तक्रार घेऊन एखादे पालक दरवर्षी येतातच. गेल्या नाताळात माझ्या भाच्याने मला असा एक खेळ दाखविला की, ज्यात या प्रथेवाचून माणसाची धडगत नाही. तो खेळ म्हणजे मोबाइलवर किंवा संगणकावर पैसे लावून खेळला जाणारा पोकर.

हा भाचा इंग्लंडात स्विंडन येथे एका गोदामात नोकरीस आहे. गोव्याहून गेलेली पुष्कळ कुटुंबे त्या गावी राहतात. त्या देशात परवाना घेतलेल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा खेळ खेळण्यास कायद्याची आडकाठी नाही. सुट्टीत तो गोव्यास आला, तेव्हा त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. आईच्या घराचे छप्पर बदलण्यासाठी साठविलेल्या पैशांतून १,९०० पौंड, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम, चार महिन्यांत गेली होती. "मामा, मी बरोबरच खेळलो, नशीब फिरले," हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा उच्चारीत होता. या वाक्यात तथ्य किती, हे पाहावे म्हणून आम्ही दोघे वही-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीत मला जे उमगले, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगितले पाहिजे. पोकरचे प्रकार अनेक. त्यांपैकी 'टेक्सास होल्डेम' हा सर्वांत अधिक प्रचारात आहे. ५२ पानांचा नेहमीचा जोड घ्यावयाचा. प्रत्येक खेळाडूस दोन पाने मिळतात. ती त्याने एकट्यानेच पाहावयाची. मग टेबलाच्या मध्यावर सर्वांची सामाईक अशी पाच पाने उघडी पडतात: आधी तीन एकदम, नंतर एक आणि शेवटी एक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. दरम्यान पैजेच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी खेळाडूने पाने टाकून द्यावी, समोरच्याइतकी रक्कम भरून डावात राहावे, किंवा पैज वाढवावी. तीनपत्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात अवघड असे काही नाही.

हा खेळ इंटरनेटवर खऱ्या पैशाने सुरू झाला तो १ जानेवारी १९९८ पासून. २००३ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनीसाने ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळवून लास वेगास येथील जागतिक स्पर्धा जिंकली. स्पर्धक होते ८३९ आणि पहिले बक्षीस होते २५ लाख डॉलर. 'हिशेबनिसाला जमले, मग मला का जमू नये?' असे तेव्हा जगभर लाखो लोकांच्या मनात आले. त्या ८३९ पैकी उरलेल्या ८३८ जणांची नावे मात्र फारशी कोणी विचारली नाहीत.

आता रीतीकडे वळू. पोकरमधील बहुतेक निर्णयांच्या मुळाशी एक साधे त्रैराशिक आहे. समजा, माझ्या हातात दोन बदाम आहेत. मध्ये चार पाने उघडली असून त्यांतही दोन बदाम आहेत. शेवटचे पान बदामाचे आले, तर माझे पाच बदाम होतील आणि डाव माझा; न आले तर डाव समोरच्याचा. मला दिसलेली पाने सहा. न दिसलेली ४६. तेरा बदामांपैकी चार दिसले, उरले नऊ. म्हणजे ४६ पैकी ९ पाने मला तारणारी. पाचात एक वेळ, किंबहुना किंचित कमीच.

मध्यावर ६० पौंड जमले आहेत आणि समोरचा १० पौंडांची पैज लावतो. मला १० भरून ७० मिळविण्याची संधी आहे. असाच प्रसंग ४६ वेळा आला असे धरले, तर ९ वेळा मी ७० प्रमाणे ६३० पौंड मिळवीन आणि ३७ वेळा १० प्रमाणे ३७० घालवीन. निव्वळ लाभ २६०. प्रत्येक वेळी सरासरी साडेपाच पौंडांहून अधिक. तेव्हा १० भरणे बरोबर. आता त्याच ठिकाणी समोरच्याने १० ऐवजी ६० पौंड लावले असे समजा. ९ वेळा १२० प्रमाणे १,०८० मिळतील, आणि ३७ वेळा ६० प्रमाणे २,२२० जातील. प्रत्येक वेळी सरासरी जवळजवळ २५ पौंडांचे नुकसान. तेव्हा ६० भरणे चूक. पाने तीच, आशा तीच. किंमत बदलली म्हणून निर्णय बदलला.

येथे एक गोष्ट मनावर बिंबविली पाहिजे. पहिला निर्णय बरोबर होता; तथापि पाचपैकी चार वेळा त्याचा शेवट हरण्यातच व्हावयाचा. दुसरा निर्णय चूक होता. तरी पाचातून एकदा तो जिंकून देईल आणि खेळणारा स्वतःची पाठ थोपटून घेईल. अंकगणितात बरोबर रीतीने बरोबर उत्तर येते, हा आपला नित्याचा अनुभव. पत्त्यांत तसे नाही. येथे चुकीच्या रीतीला बक्षीस मिळते आणि बरोबर रीतीला छडी बसते, तीही वारंवार. म्हणूनच उत्तरावरून रीत पारखण्याची सवय या खेळात घातक ठरते.

हा विचार काही आजचा नव्हे. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. डाव अर्धवट राहिला तर मध्यावरचे पैसे कसे वाटावे, हा त्याचा विषय. डावाचा निकाल लागलेलाच नाही. मग न्याय करावयाचा कशावरून? पुढे जे जे घडू शकेल ते सर्व मोजून, असे त्यांनी उत्तर काढले. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला. निकालाआधीच स्थितीचे मोल ठरविता येते, ही ती मूळ कल्पना.

पोकरमध्ये याहून खोल पाणी आहे. समोरच्याची पाने दिसत नाहीत. तेव्हा हुलकावणी आलीच. हलकी पाने असताना मोठी पैज लावून दुसऱ्याला पळवून लावणे, हा केवळ धिटाईचा भाग आहे असे लोकांस वाटते. परंतु जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांचा गणिती सिद्धांत मांडला, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील हुलकावणीचाही विचार केला. तिलाही माप असते. शेवटचे पान पडल्यावर मध्यावर जितकी रक्कम आहे तितकीच पैज मी लावीत असेन, तर अशा तीन पैजांत दोन खऱ्या आणि एक फोल, हे प्रमाण योग्य. याहून अधिक वेळा फसवू लागलो तर समोरचा मला पकडील. कधीच फसविले नाही तर माझ्या खऱ्या पैजेला कोणी पैसे देणार नाही.

हे प्रमाण सांभाळण्यात यंत्राने माणसाला मागे टाकले आहे. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' नामक संगणक-कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांच्यावर निर्विवाद विजय मिळविला. आज अनेक खेळाडू अशाच प्रकारच्या साधनांवर महिनोन्‌महिने अभ्यास करून टेबलावर बसतात. गोदामातली पाळी संपवून रात्री अकरा वाजता मोबाइल उघडणारा माझा भाचा त्यांच्यासमोर बसत होता. शिवाय प्रत्येक टेबलावर न दिसणारा एक भागीदार असतो. संकेतस्थळाची कंपनी जवळजवळ प्रत्येक मोठ्या डावातून आपला लहानसा हिस्सा कापून घेते. सर्व खेळाडू तोडीस तोड असले, तर कालांतराने ते सगळेच हरतात. जिंकते ती कंपनी.

आता दैवाचा हिशेब. भाच्याची मुख्य तक्रार अशी होती की, त्याच्या हाती दोन एक्के असताना, म्हणजे सर्वोत्तम पाने असताना, तो दोन राजांकडून लागोपाठ दोनदा हरला. "असे कधी होते का, मामा?" होते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीवर शंभरात सुमारे ८२ वेळा मात करते. म्हणजे १८ वेळा हरते. लागोपाठ दोनदा हरण्याचा योग सुमारे एकतीसात एकदा येतो. ही काही आकाश कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. त्यातून, प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होत असतील, तर मोबाइलवर एकाच टेबलावर साठ किंवा अधिक होतात, आणि माणूस एकाच वेळी चार टेबलांवरही बसू शकतो. पूर्वी वर्षात एकदा अनुभवास येणारे दुर्दैव आता महिन्यात भेटते. दैव बिघडले असे वाटते. वास्तविक आपण त्याला अधिक वेळा हाका मारीत असतो.

हा चढउतार केवढा असतो याची कल्पना पुष्कळांना नसते. समजा, एक खरोखर चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरी मूळ पैजेच्या पाचपट कमावतो. पण शंभर डावांतला चढउतार मूळ पैजेच्या नव्वदपट असतो. या खेळात तो साधारण एवढाच असतो. डावांची संख्या वाढली की कमाई त्या पटीत वाढते, आणि चढउतार मात्र संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. दहा हजार डावांनंतर अपेक्षित कमाई ५०० पट, तर चढउतार ९०० पट. गणित सांगते की असे दहा चांगले खेळाडू घेतले, तर दहा हजार डावांनंतरही त्यांतले सुमारे तीन तोट्यातच असतील. एक लाख डाव झाल्यावर तोट्यात राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चारांवर येते. माझ्या भाच्याचे सर्व मिळून डाव झाले होते दहा हजार. तेवढ्यावरून तो चांगला खेळतो की वाईट, हे सांगणे कठीण. तो मात्र एका रात्रीच्या निकालावरून ते ठरवीत होता.

आणखी एक भ्रम येथेच दूर केला पाहिजे. 'इतके दिवस हरलो, आता जिंकण्याची पाळी माझीच,' असे हरणाऱ्यास वाटते. पत्त्यांना स्मरणशक्ती नसते. जोड प्रत्येक डावास नव्याने पिसला जातो. मागच्या डावाचे देणे पुढचा डाव फेडीत नाही.

इतके झाल्यावर आम्ही खरे काम हाती घेतले. खेळलेल्या प्रत्येक डावाची नोंद संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. त्या नोंदींचे आम्ही दोन भाग केले. पहिला भाग नेहमीच्या लहान टेबलाचा, जेथे मूळ पैज २० पेन्स. तेथे ८,६०० डावांत तोटा होता ७० पौंड. चार महिन्यांच्या करमणुकीस एवढे गेले म्हणून कोणी छप्पर गमावीत नाही. एक्क्यांवर राजांनी केलेली ती दोन्ही प्रसिद्ध आक्रमणे याच टेबलावरची. दोन्ही मिळून ४० पौंडांची. दुसरा भाग मोठ्या टेबलांचा, जेथे मूळ पैज दोन पौंड. तेथे डाव अवघे १,४००, आणि तोटा १,८३० पौंड. या डावांच्या वेळा पाहिल्या. बहुतेक सारे मध्यरात्रीनंतरचे. आणि त्या प्रत्येक रात्री, मोठ्या टेबलावर जाण्यापूर्वी, तो लहान टेबलावर हरलेला होता.

भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे नशिबाने चाळीस नेले आणि बाकीचे मीच दिले." मी काही बोललो नाही. रीत त्याची त्यालाच सापडली होती.

इंग्रजीत या अवस्थेस 'टिल्ट' म्हणतात. नाण्यावर चालणारे गोळ्यांच्या खेळाचे यंत्र कोणी रागाने हलविले की, त्यावर हा शब्द उमटतो आणि यंत्र बंद पडते. त्यावरून हे नाव आले. आपल्या भाषेत याला अधिक अचूक शब्द आहे: अंगात कली शिरणे. मराठी शाळेत शिकविणाऱ्यास नलाख्यान परके नसते. कली अंगात शिरल्यावर नळ पुष्कराशी द्यूत खेळला आणि राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने व फळे न तोडता मोजून दाखविली आणि ती विद्या, अक्षहृदय, नळास दिली. ती विद्या मिळताच कली नळाच्या शरीरातून बाहेर पडला, असे महाभारतात सांगितले आहे. कलीला घालविले ते मंत्राने नव्हे, शापाने नव्हे, मोजण्याच्या ज्ञानाने. त्या कथेचे मर्म मला त्या रात्री प्रथम कळले.

तेव्हा जेथे हा खेळ कायद्याने खेळता येतो तेथे राहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: खेळावयाचा पैसा आणि घरचा पैसा यांच्यात भिंत असावी. जाणते खेळाडू एका टेबलावर जेवढी रक्कम घेऊन बसावयाचे, तिच्या निदान वीस-तीसपट रक्कम या कामापुरती वेगळी ठेवतात. तेवढी वेगळी काढून विसरता येत नसेल, तर ते टेबल आपले नव्हे. दुसरी: बसण्यापूर्वीच उठण्याची वेळ ठरवावी, आणि तोटा भरून काढण्यासाठी मोठ्या टेबलावर कधीही जाऊ नये. तिसरी: डावांचा विचार दुसऱ्या दिवशी करावा, आणि निकाल झाकून करावा. 'मला तेव्हा काय ठाऊक होते, आणि त्यावरून मी काय करावयास हवे होते?' एवढाच प्रश्न विचारावा. जिंकलेल्या डावांनाही तो विचारावा. चुका तेथे अधिक लपलेल्या असतात. चौथी: या तीन गोष्टी पाळता येत नाहीत असे दिसले, तर दैवाला दोष न देता खेळ सोडावा. ब्रिटनमध्ये 'गॅमस्टॉप' नावाची विनामूल्य योजना आहे. तीत नाव नोंदविले की तेथील सर्व परवानाधारक संकेतस्थळांचे दरवाजे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे आपल्यासाठी बंद होतात.

आपल्या देशापुरते सांगावयाचे, तर खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद न्यायालयांपुढे पुष्कळ वर्षे चालला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानला होता. हैदराबादकर श्रोत्यांस ठाऊकच असेल की, तेलंगणाने २०१७ साली ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घातली. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळविण्यास मनाई केली. शिक्षेची तरतूद खेळविणाऱ्यासाठी आहे, खेळणाऱ्यासाठी नाही. आमच्या मांडवी नदीवरील जहाजांत चालणाऱ्या कॅसिनोंचा प्रश्न निराळा; त्यांचा कायदा वेगळा आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, जो प्रश्न न्यायालयांना इतकी वर्षे पुरला, तो एकट्या माणसाने मध्यरात्री, हरलेल्या अवस्थेत, बरोबर सोडवावा ही अपेक्षाच चुकीची.

पत्ते मिटून ठेवले तरी हा प्रश्न आपली पाठ सोडीत नाही. विचारपूर्वक पेरणी करूनही पाऊस दगा देतो. सर्व चौकशी करून घेतलेल्या नोकरीचा कारखाना बंद पडतो. अशा वेळी माणूस दोन चुका करतो. एकतर चांगल्या निर्णयाला वाईट म्हणून तो पुन्हा तसा निर्णय घेण्याचे धैर्य गमावतो. नाहीतर स्वतःच्या चुकीला दैव म्हणून तीच चूक पुन्हा करतो. दोहोंवर उपाय एकच: वहीत दोन रकाने आखावे. एकात आपण केले ते लिहावे, दुसऱ्यात घडले ते लिहावे. आणि एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकू नये.

भाचा परत गेला. त्याने योजनेत आपले नाव नोंदविले आणि एक वर्षाची मुदत निवडली. मी पाच वर्षे म्हटले असते. पण निर्णय त्याचा आहे, आणि तो त्याने हिशेब पाहून, जागेपणी घेतला आहे. माझ्या बहिणीच्या घराचे छप्पर यंदा बदलले जाणार नाही. जुनीच कौले चाळून आणि फुटलेली तेवढी बदलून हा पावसाळा काढावयाचा आहे. उत्तर चुकले खरे. पण पोराला रीत सापडली आहे, आणि तिचे गुण मी त्याला दिले आहेत.